काखेत कळसा, क्लाउडला वळसा

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून कुणीतरी फोनवरचं बटण दाबतं आणि चार हातांवरचा स्मार्ट बल्ब लागतो. मधल्या अर्ध्या सेकंदात काय होतं? बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बल्बांच्या बाबतीत हुकूम फोनमधून घरच्या राउटरकडे जातो, तिथून इंटरनेट कंपनीकडे आणि तिथून बल्ब बनवणाऱ्याने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरकडे. यालाच क्लाउड म्हणतात. तो सर्व्हर मुंबईत असेल, सिंगापूरला असेल, नाहीतर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. बटण दाबणाऱ्याचं खातं आणि हा बल्ब एकमेकांशी जोडलेले आहेत का, हे तो तपासतो आणि मग हुकूम परत पाठवतो: इंटरनेट कंपनी, राउटर, बल्ब. फोन आणि बल्ब एकाच खोलीत, एकाच वाय-फायवर असतात, पण एकमेकांशी थेट चकार शब्द बोलत नाहीत.

चालतंय ना, मग बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. रोजच्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नेट गेल्यावर, कंपनी बंद पडल्यावर किंवा कुणी त्या सर्व्हरमध्ये चुकीचं बटण दाबल्यावर. पाटी कोरी करून घरगुती उपकरणांचं जाळं नव्याने आखायचं ठरवलं तर ते कसं असावं, यावर गेली वीसेक वर्षं संशोधक आणि कंपन्या डोकं चालवत आहेत. त्यातलं बरंच काही तांत्रिक वाटतं, पण मुळात वाद एकाच गोष्टीचा आहे: घरातल्या वस्तूवरचा हुकूम कुठे राहावा, घरात की घराबाहेर? माझं मत आधीच सांगितलेलं बरं. उपकरणं कमकुवत आहेत ही अडचण दुय्यम आहे. हुकूम बाहेर ठेवला गेला, ही खरी गोम आहे.

वळसा पडला कसा

इंटरनेटची जुनी पत्तापद्धत, म्हणजे आयपीव्ही ४, १९८१ साली ठरली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते साधारण ४३० कोटी. तेव्हा संगणक मोजके होते, त्यामुळे हा आकडा अफाट वाटला. नव्वदच्या दशकात पत्ते संपणार हे दिसायला लागलं आणि १९९४ मध्ये एक तात्पुरती तोड निघाली, तिचं नाव नॅट. अख्ख्या घराला बाहेरचा पत्ता एकच, आणि घरातल्या उपकरणांना फक्त आतल्या आत चालणारे पत्ते.

राउटरमधलं हे नॅट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. आतल्या माणसाने काही मागवलं असेल तर वहीत नोंद असते आणि ते पार्सल आत सोडलं जातं. न बोलावता आलेला कुणी म्हणाला, 'मला ब विंगमधल्या बल्बशी बोलायचंय', तर गेटवरूनच परत. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या स्वतःच्या पातळीवरही असंच नॅट चालवतात, त्यामुळे गेटं दोन होतात.

म्हणून बल्ब कंपन्यांनी उलटा मार्ग काढला. बल्ब स्वतःच आधी बाहेर जातो, कंपनीच्या सर्व्हरला गाठतो आणि ती लाइन उघडी ठेवून बसतो. फोनही त्याच सर्व्हरला गाठतो. दोघांची भेट बाहेर होते. तुम्ही ऑफिसात आणि बल्ब घरी असेल तर हे समजण्यासारखं आहे. पण दोघेही घरात असताना गेटचा प्रश्नच येत नाही; थेट बोलता आलं असतं. तरी कंपन्यांनी एकच वाट बांधली आणि तीच सगळीकडे वापरली, कारण दोन वाटा लिहायला, तपासायला आणि सांभाळायला खर्च दुप्पट येतो. शिवाय प्रत्येक हुकूम आपल्या सर्व्हरवरून गेला की कोणत्या घरात दिवा किती वाजता लागतो याची नोंदही आयतीच मिळते.

याच्या अगदी उलट घडण आपल्या शेतात सापडते. विहिरीवरच्या पंपाला लावलेला मोबाईल स्टार्टर. वीज रात्री-अपरात्री येते, मोटर चालू करायला अंधारात बांधावरून जायचं, साप-विंचवाची भीती. म्हणून स्टार्टरमध्ये सिमकार्ड घालायचं आणि घरूनच फोन लावून पंप सुरू करायचा. पुण्यात संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेलं 'नॅनो गणेश' याच जातीचं. मध्ये कंपनीचा सर्व्हर लागत नाही, कारण सिमला फोन नंबर असतो आणि फोन नंबर म्हणजे कुठूनही गाठता येणारा पत्ता. स्टार्टर फक्त नोंदवलेल्या नंबरांचंच ऐकतो, म्हणजे परवानगीचा निकालही विहिरीवरच लागतो. शहरातल्या 'स्मार्ट' बल्बाकडे नेमकं हेच नाही. २०१८ पासून दूरसंचार खात्याने यंत्रांच्या सिमसाठी वेगळे १३ अंकी नंबर सुरू केले, तेही यंत्रांना स्वतःचे पुरेसे पत्ते हवेत म्हणूनच.

वळशाची किंमत

७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा व्हर्जिनियातला विभाग काही तास कोलमडला. त्या दिवशी अमेरिकेत लोकांचे झाडू मारणारे रोबो ॲपला दाद देईनात आणि दारावरचे कॅमेरे मुके झाले. झाडू धड, बॅटरी भरलेली, घरचं वाय-फायही चालू. अडलं होतं ते दूरच्या इमारतीत.

ही काही तासांची गोष्ट. रिव्हॉल्व्ह नावाचा घरगुती हब, म्हणजे घरातली वेगवेगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारा डबा, २०१४ मध्ये गूगलच्या नेस्ट कंपनीने विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. सुमारे ३०० डॉलरला घेतलेला डबा त्या दिवसापासून निकामी. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या घरगुती स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर गाजावाजा न करता बंद पडले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेतली म्हणून उपकरणं पुन्हा चालू झाली. असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. हिशोब साधा आहे. बल्ब एकदाच विकला जातो, पण त्याच्यासाठी सर्व्हर वर्षानुवर्षं चालवावा लागतो. ज्या धंद्यात पैसा एकदा येतो आणि खर्च कायमचा असतो, तो कधीतरी हात वर करणारच.

भारतातलं उदाहरण याहून बोलकं आहे. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर बसवलेल्या दीड लाखाच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. तारा तुटल्या नव्हत्या, बिलं थकली नव्हती. मीटरांना मध्यवर्ती यंत्रणेतून 'जोडणी तोडा' असा चुकीचा हुकूम गेला होता आणि प्रत्येक मीटरने तो इमानाने पाळला. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून जे वाद झाले ते मुख्यतः बिलाचे आणि प्रीपेडचे होते. मला मात्र त्याहून मोठा मुद्दा हा वाटतो की एका हुकमाने किती घरं अंधारात जाऊ शकतात, याला कमाल मर्यादा कुणी घातली आहे का? कोऱ्या पाटीवर आखणी करणाऱ्याने हा आकडा पहिल्या पानावर लिहायला हवा.

आणि मग मिराई. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाच्या तीन मुलांनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरायचा आणि साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून बघायचा. 'ॲडमिन-ॲडमिन' वगैरे, कारखान्यातून जसे येतात तसेच. बाहेरून घर बघता यावं म्हणून लोकांनी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठी, राउटरमध्ये दार उघडं ठेवलेलं असायचं, तिथून हा आत शिरायचा. ऐन भरात असताना सुमारे ६ लाख उपकरणं त्याच्या ताब्यात होती. सप्टेंबरअखेर त्याचा कोड उघड झाला आणि २१ ऑक्टोबरला ताब्यातल्या उपकरणांनी एकदम केलेल्या निरोपांच्या भडिमाराने डिन ही वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी कंपनी गुदमरली. ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तासन्‌तास उघडेनात. मिराई उपकरणाच्या फक्त तात्पुरत्या मेमरीत राहायचा, म्हणजे डीव्हीआर बंद करून चालू केला की गायब. पण पासवर्ड तोच असल्याने थोड्याच वेळात पुन्हा हजर.

यात लक्षात घेण्यासारखं असं की डीव्हीआरला डिन कंपनीशी बोलायचं काही कारणच नव्हतं. तरी त्याला कुणी अडवलं नाही, कारण वॉचमन आत येणाऱ्याला हटकतो. बाहेर जाणाऱ्याला 'कुठे निघालास' असं विचारत नाही.

कोऱ्या पाटीवर

आता नव्याने आखू. सुरुवात रेडिओपासून, कारण तिथे सगळी गणितं बदलतात. दारावर चिकटवायचा छोटा सेन्सर बटण-सेलवर चालतो. नेहमीच्या सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. रेडिओ ऐकत बसायला १० मिलिअँपिअर लागतात असं धरलं, तर सेल २२ तासांत खलास. तो दोन वर्षं चालवायचा तर सेन्सरने जवळपास सगळा वेळ झोपून काढायला हवा. इंटरनेटची मूळ कल्पना मात्र दुसऱ्या टोकाला कायम जागं यंत्र बसलंय अशी आहे.

दुसरी अडचण मापाची. अशा कमी विजेच्या रेडिओवर (मानकाचं नाव ८०२.१५.४) एका खेपेत फार तर १२७ बाइट जातात. इंटरनेटची नवी पत्तापद्धत, आयपीव्ही ६, म्हणते की १,२८० बाइटांचं पॅकेट नेता आलंच पाहिजे, आणि त्यातले ४० बाइट नुसत्या शीर्षकाचे, म्हणजे कुणाकडून कुणाकडे वगैरे लिहिण्याचे. 'दार उघडलं' हे सांगायला खरं तर एक बिट पुरतो! २००७ मध्ये यावर उपाय ठरला: शीर्षक दाबून अगदी मोजक्या बाइटांत बसवायचं आणि मोठं पॅकेट तुकडे करून न्यायचं. त्यामुळे बटण-सेलवरच्या सेन्सरलाही इंटरनेटचा खरा पत्ता मिळू शकला. आयपीव्ही ६ चा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्त्यांची टंचाई संपली. आजचं 'थ्रेड' नावाचं जाळं याच पायावर उभं आहे. त्यात सतत विजेवर असलेली उपकरणं, म्हणजे प्लग किंवा बल्ब, एकमेकांचे निरोप पुढे नेतात आणि झोपलेल्या सेन्सरसाठी आलेला निरोप तो जागा होईपर्यंत धरून ठेवतात. एक वाट बंद पडली तर निरोप दुसरीने जातो.

मग ओळख. मिराईने धडा दिला की सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड म्हणजे पासवर्ड नसल्यासारखंच. नव्या आखणीत प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच स्वतःची गुप्त किल्ली आणि प्रमाणपत्र मिळतं: मी खरोखर अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा. घरात आल्यावर त्याला दुसरं प्रमाणपत्र मिळतं आणि ते घर देतं: मी आता या घरचा. या दोन ओळखी वेगळ्या ठेवण्यात खरी गंमत आहे. फ्लॅट विकला, भाडेकरू बदलला, पंखा भाच्याला दिला, की दुसरी ओळख पुसायची. पहिली तशीच राहते. कंपनी बुडाली तरी 'या घरचा' हे प्रमाणपत्र घरातच असल्याने चालत राहतं.

त्यानंतर मघाचा वॉचमन. त्याने बाहेर जाणाऱ्यालाही विचारावं, यासाठी मार्च २०१९ मध्ये इंटरनेटच्या मानक मंडळाने मड नावाची पद्धत प्रसिद्ध केली. उपकरण जोडलं जाताना सांगतं की माझी यादी अमुक ठिकाणी आहे; त्या यादीत निर्मात्याने लिहिलेलं असतं की याला कुणाकुणाशी बोलावं लागतं. राउटर तेवढंच चालू देतो, बाकी बंद. संगणकाला अशी यादी लावता येत नाही, कारण माणूस त्यावर काय करील याचा नेम नसतो. पण गीझरचं आयुष्य ठरलेलं आहे. त्याने दुसऱ्या देशातल्या अनोळखी यंत्राला हजार निरोप धाडायचं काही कारण नाही. सोपी, स्वस्त, डोकेबाज कल्पना, आणि तरीही घरगुती राउटरांमध्ये ती क्वचितच दिसते. राउटर विकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, एवढंच कारण.

सगळ्यात मुळातली कल्पना मात्र वेगळीच आहे आणि मला ती सर्वांत आवडते. व्हॅन जेकबसन हे इंटरनेटच्या घडणीतलं मोठं नाव. १९८० च्या दशकात जाळं वारंवार तुंबत होतं तेव्हा त्यावर उतारा काढणाऱ्यांपैकी ते एक. २००६ पासून ते मांडत आले की इंटरनेट 'कोणत्या यंत्राशी बोलायचं' असं विचारतं, तर माणसाला हवं असतं 'कोणती माहिती'. मग पत्ता यंत्राला कशाला, माहितीलाच द्या. यातून 'नेम्ड डेटा नेटवर्किंग' हा प्रकल्प निघाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्याला पैसा दिला आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या लिक्सिया झांग यांनी त्याचं नेतृत्व केलं.

घरात याचा अर्थ असा. फोन विचारतो, 'घर/स्वयंपाकघर/तापमान' आहे का कुणाकडे? सेन्सर झोपलेला असला तरी दोन मिनिटांपूर्वीचं उत्तर शेजारच्या प्लगने साठवून ठेवलेलं असतं, तो देतो. उत्तरावर सेन्सरची डिजिटल सही असते, त्यामुळे ते कुणाच्या हातून आलं याला महत्त्व राहत नाही. आज आपण सुरक्षित वाटेवर भरवसा ठेवतो. इथे भरवसा मालावरच्या शिक्क्यावर असतो, वाट कुठलीही असो. झोपाळू यंत्रांच्या जाळ्याला हे चपखल बसतं.

अडचणीही आहेत. सही करायला गणित लागतं आणि ते छोट्या चिपचा वेळ आणि सेल दोन्ही खातं. नावांवरूनच बरंच कळतं: 'घर/बाळाची-खोली/कॅमेरा' हे नाव हवेत फिरलं की घरात तान्हं मूल आहे हे शेजाऱ्याला समजलं. शिवाय ही पद्धत मागण्यासाठी घडवलेली आहे, हुकूम देण्यासाठी नाही. 'तापमान सांग' सरळ बसतं. 'कुलूप उघड' बसवायला बरीच कसरत करावी लागते.

पाटी पूर्ण कोरी होत नाही

जाळं एका रात्रीत बदलल्याचं उदाहरण इतिहासात आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या अर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने, जुने नियम सोडून आजच्या इंटरनेटचे नियम घेतले. तेव्हा जोडलेली यंत्रं काही शेच होती. त्यानंतर तसं पुन्हा जमलं नाही. आयपीव्ही ६ ची पहिली मानकं नव्वदच्या दशकातली. जिओ आल्यापासून भारत त्यात जगाच्या पुढे गेला, तरी जुनी पद्धत अजून सगळीकडे जिवंत आहे.

म्हणून प्रत्यक्षात जे आलं ते अर्धं कोरं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी (कमी विजेच्या रेडिओचं एक मानक) संघटना एकत्र आल्या, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या मानकाची पहिली आवृत्ती आली. एरवी हे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. पण वेगवेगळ्या ॲपांना कंटाळून गिऱ्हाईक काहीच घेईनासं झालं तर नुकसान सगळ्यांचंच. मॅटरमध्ये हुकूम घरातल्या घरात जातो, आयपीव्ही ६ वापरलं जातं, वर सांगितलेली दोन प्रमाणपत्रं असतात आणि एकच बल्ब एकाच वेळी दोन कंपन्यांच्या ॲपना जोडता येतो. बाहेर जाणाऱ्याला हटकणारी यादी त्यात सक्तीची नाही. पहिल्या आवृत्तीत कॅमेरेही नव्हते, म्हणजे मिराईने ज्यांना सर्वाधिक छळलं तेच बाहेर राहिले. आणि निर्मात्याला स्वतःचा क्लाउड जोडायची मुभा आहेच.

बाकीचं कायदा ओढून आणतोय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरण विकता येत नाही आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे सांगावं लागतं. युरोपीय संघाच्या अशाच कायद्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. यातलं काहीही हुकूम घरात ठेवा असं म्हणत नाही, पण निदान पंधरा वर्षं टिकणारा पंखा दोन वर्षांत वाऱ्यावर सोडणं महाग पडेल.

एक प्रश्न मात्र मानकांच्या बैठकांमध्ये सुटणार नाही, कारण तो आपल्या भिंतीवर आहे. थ्रेडचं जाळं बल्ब कायम विजेवर आहे असं गृहीत धरतं. आपल्याकडे खोलीतून निघताना बोर्डावरचं बटण बंद करायची सवय लहानपणापासून लावलेली. गावाला जाताना तर मेन स्विचच पाडतात. आजीने हॉलमधला दिवा भिंतीवरून घालवला की तो बल्ब फोनला तर दिसत नाहीच, शिवाय त्याच्यामार्फत निरोप धाडणारा गॅलरीतला सेन्सरही दुसरी वाट शोधायला लागतो, आणि जवळ दुसरा बल्ब नसेल तर अडकून पडतो. यात चूक आजीची नाही. आपल्या घरांसाठी आखायचं तर बल्ब साधाच ठेवावा आणि रेडिओचं मॉड्यूल बोर्डामागे बसवावं. मग बटण हाताने दाबलं काय किंवा फोनवरून, दिवा दोन्हीकडून लागतो आणि जाळ्याची वीज तुटत नाही. बोर्डात प्लगचं सॉकेट असेल तर मॉड्यूलला लागणारी न्यूट्रल तार तिथे आधीच आलेली असते. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात ती नसेल, तर वायरमनला भिंत फोडावी लागेल का, हे मॉड्यूल घेण्याआधीच विचारून ठेवावं.